शंभराचे एकशे एकोणसाठ

लेखावर एकूण चारशे अडतीस सूचना आल्या होत्या, आणि त्यांतल्या एकशे नव्वद स्वल्पविरामांबद्दल होत्या.

लेख नऊ पानांचा. त्याखाली लेखक म्हणून सहाशे चौदा जणांची नावं, ती आणखी अकरा पानं खात होती. या धंद्यातला रिवाज असा, की ज्याचं नाव खाली आहे त्याला वर काय लिहिलंय त्यावर बोलायचा हक्क आहे, आणि तो बोलला की त्याला लेखी उत्तर देणं भाग आहे. सहाशे चौदांना उत्तरं देण्याचं हे लोढणं कोणा एकाच्या गळ्यात बांधतात. या वेळी ते ताईच्या गळ्यात होतं.

ताई म्हणजे कोणाची सख्खी बहीण नव्हे. अडतीस वर्षांची झाली तरी तिची नोकरी तात्पुरतीच होती. दर दोन वर्षांनी नवा करार, दर दोन वर्षांनी नवी धाकधूक. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं कुठे कुठे कायम होऊन बसली, पण जाताना सगळी तिला ताई म्हणत गेली, आणि मग शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांनीच ते नाव उचललं. त्यात मान होता. मानाबरोबर खुर्ची येत नाही, हे तिला जरा उशिरा कळलं.

आता काम काय, ते सांगायला हवं. शिशाच्या अणूंचे गाभे जवळपास उजेडाच्या वेगानं पळवायचे आणि एकमेकांवर आदळायचे. हे करणारं अजस्र यंत्र दूरदेशी होतं. ताईच्या संस्थेत यायचे ते फक्त आकडे. टक्कर समोरासमोर झाली की निमिषाच्याही निमिषभर एक विलक्षण तापलेला रस तयार होतो. त्याच टकरीत ब्यूटी नावाचा एक जड क्वार्क, म्हणजे गाभ्याहूनही कितीतरी बारीक कण, जन्माला येतो आणि त्याला त्या रसातून वाट काढत बाहेर पडावं लागतं. हलके क्वार्क त्यात पार दमतात. पाचातला एखादाच आपला नेट टिकवून बाहेर येतो. ब्यूटी जड, म्हणून कमी दमतो, पण दमतो. किती, ते एका आकड्यात सांगतात: साध्या प्रोटॉनांच्या टकरींवरून हिशेब केला तर जितके जोमदार ब्यूटी दिसायला हवेत, त्यांच्या मानानं प्रत्यक्षात किती दिसले. एक आला तर रसानं त्याच्या केसालाही धक्का लावला नाही. एकाच्या खाली जितका जाईल तितका मार जास्त. सगळं जग निम्मा किंवा त्याच्या थोडा वर असं धरून चाललं होतं. ताईच्या लेखातला आकडा होता शून्य पूर्णांक ब्याण्णव.

म्हणजे ब्यूटी त्या रसातून असा गेला होता की जणू रस नव्हताच. सर, म्हणजे गटाचे प्रमुख, हा आकडा पहिल्यांदा पाहून खुर्चीतून उठून उभे राहिले होते. हिवाळ्यात एका छोट्या सभेत त्यांनी तो ‘अजून कच्चा आहे बरं का’ असं म्हणत दाखवला, आणि तो कच्चा आहे एवढं सोडून बाकी सगळं लोकांनी ऐकलं. तीन आठवड्यांत सात सिद्धान्तवाल्यांनी सात लेख लिहून ब्याण्णवच कसा यायला हवा होता हे सिद्ध केलं. सातव्यानं तर आपण हे पूर्वीच सांगितलं होतं असा दावाही ठोकला.

येत्या सोमवारी परिषद होती, आणि ती यंदा याच शहरात. उद्घाटनाचं भाषण सरांचं. परिषदेला बाहेरची मोठी माणसं येणारच आहेत, तर त्यांना निवड समितीवर घेऊन त्याच आठवड्यात गुरुवारी मुलाखतीही उरकून घ्याव्यात असं ठरलं होतं. नऊ वर्षांनी संस्थेत एक कायम जागा निघाली होती. ताईचा करार जूनमध्ये संपत होता. जागा मिळाली नाही तर हातात एकच दुसरी संधी होती: त्या दूरदेशीच्या यंत्रापाशी तीन वर्षांचं काम. नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान उचलून नेता येण्यासारखं नव्हतं, सासूबाईंचे गुडघे गेले होते, आणि लेक अकरा वर्षांची होती. ती तीन वर्षांची असताना ताई अशीच दोन वर्षं जाऊन आली होती. परत आली तेव्हा पोरगी आधी आजीच्या मागे लपली, आणि मग पडद्यावर बघून ओळखायची सवय असल्यामुळे तिनं फोन मागितला. ही गोष्ट घरात सगळे हसत सांगत. ताईला ती ऐकताना कधी हसू आलं नाही.

तर, चारशे अडतीस सूचना. एका प्राध्यापकांना ‘दिसून येत नाही’च्या जागी ‘आढळून येत नाही’ हवं होतं. दुसऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि त्या दोघांची अकरा पत्रं झाली. एकाला आलेखातले हिरवे ठिपके लाल ठिपक्यांपासून वेगळे ओळखता येत नव्हते. त्याचं म्हणणं निदान रास्त होतं. तेवीस जणांना आपापल्या जुन्या लेखाचा उल्लेख हवा होता. एकानं आपल्या आडनावातलं अक्षर चुकलंय असं कळवून शेवटी लिहिलं होतं, ‘बाकी लेख उत्तम.’ बाकी लेख त्यानं उघडलाही नसावा. त्या ब्याण्णवबद्दल चारशे सदतीस सूचनांत चकार शब्द नव्हता.

ताईपाशी चौदा ठरीव उत्तरांची एक फाइल होती. आधीच्या माणसाकडून ती तिच्याकडे आली होती, त्याच्याकडे त्याच्या आधीच्याकडून. त्यातलं नववं उत्तर एका खास माणसासाठी राखलेलं होतं. हे गृहस्थ बारा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, तरी मंगळवारी आणि गुरुवारी येऊन व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत बसत. सगळे त्यांना शंकासुर म्हणत, अर्थात पाठीमागे. लेख कसलाही असो, शंकासुरांची एका ओळीची सूचना यायचीच: ‘तुम्ही एकच दुरुस्ती दोनदा तर केलेली नाही ना?’ आणि उत्तर क्रमांक नऊ जायचंच: ‘सूचनेबद्दल आभारी आहोत. हे तपासलेलं आहे.’

ताईनं नऊ नंबर चिकटवला आणि पुढे जायला बटण दाबलं. यंत्रणा अडली. यंदापासून नवा नियम झाला होता: तपासलंय म्हणायचं असेल तर कुठे तपासलंय ते पान जोडा. ताईनं कपाळाला हात लावला, गेल्या वर्षीचा लेख काढला, आणि त्यांनी जोडायला काही ठेवलं असेल म्हणून बघितलं. तिथे लिहिलं होतं, ‘तपासणी त्याच्या आदल्या लेखाप्रमाणे.’ आदला लेख काढला. त्यात त्याच्या आदल्याचा हवाला. असे सहा लेख मागे गेल्यावर एक पान सापडलं, आणि ते कोरं होतं. वर मथळा होता ‘तपासणी’, खाली ‘लवकरच भरणे’ आणि नऊ वर्षांपूर्वीची तारीख.

एवढं पाहून कोणाच्याही मनात पाप येतं. ताईच्याही आलं. त्या पानावर चार ओळी भरून मोकळं व्हावं, असं तिला अगदी वाटलं. पण खोटं लिहायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या दुपटीत खरी परीक्षा होत होती, आणि वैतागलेल्या माणसाला कधीकधी खरं काम जास्त सोपं वाटतं. तिनं परीक्षा लावली.

परीक्षा साधी असते. समोरासमोरच्या टकरीत हजारो कण एकदम बाहेर पडतात. त्या गर्दीत मोजणाऱ्या यंत्राची तारांबळ उडते, आणि जिथे शांतपणे शंभर ब्यूटी सापडले असते तिथे त्रेसष्टच हाती लागतात. हरवलेले सदतीस हिशेबात परत धरावे लागतात. ही गर्दीची दुरुस्ती ताईनं दोन वर्षं खपून बसवली होती. तिच्या कामाचा सगळा कस त्यातच होता. ती बरोबर आहे का हे पाहायचं तर संगणकात लुटुपुटीच्या टकरी रचायच्या, त्यांत मोजून शंभर ब्यूटी घालायचे, आणि खऱ्या मालासारखे पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत न्यायचे. शेवटी शंभरच निघाले पाहिजेत. ताईनं हे दीड वर्षापूर्वी केलं होतं आणि शंभर निघाले होते. नंतर मधली प्रणाली बदलली होती, पण एकदा पास झालेल्या परीक्षेला पुन्हा कोण बसतं?

कडेकडेनं घासून गेलेल्या टकरींत शंभराचे शंभर निघाले. तिथे गर्दीच नसते. समोरासमोरच्या टकरींत निघाले एकशे एकोणसाठ.

तिनं परत लावून बघितलं. एकशे एकोणसाठ. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं आपली दुरुस्तीच बंद केली आणि तिसऱ्यांदा लावलं. शंभर निघाले. तिची दोन वर्षं काढून टाकल्यावर उत्तर बरोबर येत होतं.

यंत्राकडून आलेला कच्चा माल आधी शेजारच्या खोलीत जाई, तिथे कणांच्या मार्गरेषा जुळवल्या जात, आणि मग तो ताईच्या खोलीत येई. या दोन खोल्यांमध्ये एक भिंत होती आणि दोन वर्षांचा अबोला. कारण मोठं होतं. शेजारच्या कोणीतरी ताईच्या खोलीतला फळा पुसला होता, आणि त्यावर तर ‘पुसू नये’ असं लिहिलेलं होतं. पुसणाऱ्याचं म्हणणं, तेही अक्षर नीट लागत नव्हतं. तेव्हापासून दोन्ही खोल्या एकमेकींशी फक्त फायलींतून बोलत.

शेजारच्या खोलीचा म्होरक्या बत्तीस वर्षांचा, हुशार आणि नीटनेटका होता. सर त्याचे एवढे लाड करत, की त्याला सगळे जावईबापू म्हणत. सरांना मुलगी नव्हती, हा भाग वेगळा. गुरुवारच्या मुलाखतीच्या यादीत ताईच्या खालोखाल त्याचंच नाव होतं. ताई दार ढकलून आत गेली तेव्हा त्या खोलीतले चारही जण असे बघायला लागले, की जणू भिंतच चालत आली. तिनं सरळ विचारलं. गर्दीत हरवलेल्यांची दुरुस्ती तुम्ही तुमच्याकडे करता का?

“हो, नव्या प्रणालीत आम्हीच घालून देतो,” जावईबापू म्हणाला. “बुधवारच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं मी. तुम्ही होतात की.”

त्यानं हजेरीची यादी काढून दाखवली. चौदा महिन्यांपूर्वीचा बुधवार, पडद्यावर सदतीस जण हजर, सगळ्यांचे कॅमेरे बंद. सतराव्या क्रमांकावर ताई. त्या सदतीस जणांपैकी छत्तीस जण त्या वेळी दुसऱ्या कोणालातरी पत्रं लिहीत बसले असणार, आणि त्यांतली एक आपण, हे तिला लख्ख आठवलं. जावईबापूचा चेहराही हळूहळू बदलत गेला. तोही काही मूर्ख नव्हता, आणि लेखाखाली त्याचंही नाव होतं. दोघांनी आपापल्या जागी अगदी बरोबर काम केलं होतं. चूक झाली ती भिंतीत.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यातला हा गुरुवार, त्यामुळे शंकासुर टोकाच्या खोलीत होते. त्यांना हे कसं कळलं हे ताईला जाणून घ्यायचं होतं. एवढ्या सहाशे चौदा जणांत एका माणसानं तरी लेख नीट वाचला, म्हणून तिला भरूनही आलं होतं. तिनं सांगितलं तसे म्हातारबुवा लहान मुलासारखे खुलले. एकशे एकोणसाठ हा आकडा त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतला.

“काका, पण तुम्ही ओळखलंत कसं? कुठल्या आलेखावरून?”

“मी वाचत नाही गं,” शंकासुर म्हणाले. “निवृत्त झाल्यापासून एकही लेख वाचलेला नाही. वाचलं की पटायला लागतं. म्हणून नुसतं विचारतो.”

मग सरांशी बोलताना तुम्ही बरोबर याल का, असं तिनं विचारल्याबरोबर त्यांचा सगळा खुलेपणा उतरला. ही खोली आपल्याला सरांच्या मेहरबानीनं मिळालेली आहे, उन्हं चांगली येतात, या वयात कशाला वाद, असं काहीबाही ते पुटपुटले आणि टेबलावरचे कागद सारखे करू लागले. बारा वर्षं शंका विचारणाऱ्या या माणसाला उत्तर मिळायची सवयच नव्हती. ते मिळालं तशी त्यांची भंबेरी उडाली.

सरांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत, हे ताईला जास्त जड गेलं. त्यांनी दार लावलं आणि तिला बसायला सांगितलं. खरा आकडा किती येतो, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, अठ्ठावन्न.

“अठ्ठावन्न तर सगळ्यांनाच माहीत आहे,” सर म्हणाले. जसं काही तिनं ताज्या मालाऐवजी शिळं आणून पुढ्यात ठेवलं होतं. मग ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. चूक हा शब्द वापरू नये, कारण चूक म्हटली की कोणाची हा प्रश्न येतो. दोन पद्धती आहेत, दोन उत्तरं आहेत; मध्यावर ठिपका ठेवायचा, पंचाहत्तरवर, आणि त्याच्या वर-खाली अनिश्चिततेच्या रेघा अशा लांब काढायच्या की अठ्ठावन्नही त्यात बसेल आणि ब्याण्णवही. असत्य काहीच नाही. पुढे माहिती वाढली की रेघा आपोआप आखूड होतील. “आणि पुढच्या गुरुवारी मुलाखत आहे हे विसरू नकोस,” ते अगदी मायेनं म्हणाले. “कायमच्या जागेवर माणूस कसा ठाम लागतो. आठ दिवस आधी स्वतःच्याच आकड्यावरून हललेला माणूस समितीपुढे उभा करायचा म्हणजे मलाही अवघड होतं.”

त्यांनी धमकी दिली असं कोणी म्हणू शकलं नसतं. ते तिच्या भल्याचंच बोलत होते, आणि वाईट हे, की त्यांना तसं मनापासून वाटत होतं.

घरी शनिवारी जेवताना विषय निघाला. सासूबाईंना क्वार्क कळत नसत, पण सुनेचा चेहरा कळायचा. भाजीत दोघींनी आपापल्या वेळी मीठ घातलं तसं झालंय, असं ताईनं त्यांना सांगितलं. सासूबाईंचा हात जागीच थांबला. कालच्या भाजीबद्दल बोलतेस का, त्यांनी विचारलं. ती गैरसमजूत दूर करण्यात पाच मिनिटं गेली. सगळं समजल्यावर त्यांनी निकाल दिला, आणि तो सरांच्या बाजूनं दिला.

“काढ की लांब रेघा. कोण पट्टी घेऊन मोजायला येतंय? तू इथं राहतेस हे महत्त्वाचं.”

नवरा खाली मान घालून जेवत राहिला. दुकानात दिवसभर तो माणसांना अक्षरं दाखवून ‘आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?’ असं विचारायचा, आणि घरी कोणाला काही विचारायचा त्याला कंटाळा होता. लेक मात्र सगळं ऐकत होती. जून लांब आहे का, एवढंच तिनं विचारलं.

ताईला थोर वगैरे अजिबात वाटत नव्हतं. तिला लाज वाटत होती आणि राग येत होता; लाज त्या बुधवारची, राग त्या लांब रेघांचा. पंचाहत्तरचा तो ठिपका एकदा छापला गेला, की पुढची वीस वर्षं ती कायमच्या खुर्चीत बसणार, आणि दर वर्षी एखादं पोर आपला नवा ठिपका त्याच्या शेजारी मांडून तिला विचारणार, ताई, हा असा मध्येच कसा? आणि ती काय सांगणार होती? सिद्धान्तवाल्या सात जणांची तिला कीव नव्हती, ते कशाचंही काहीही सिद्ध करतात. पण एक मुलगी परवाच पत्र लिहून म्हणाली होती की ब्याण्णव का येतो यावरच तिनं प्रबंधाचा विषय घेतलाय. त्या पत्राला ताईनं अजून उत्तर दिलं नव्हतं, आणि त्यासाठी चौदांतलं एकही उत्तर चालत नव्हतं.

यंत्रणेत ‘हरकत’ नावाचं एक बटण असतं. ज्याचं नाव लेखाखाली आहे तो ते दाबू शकतो. दाबलं की लेख जागच्या जागी थांबतो आणि कारण सगळ्यांना जातं. आजवर ते कोणी आपल्याच लेखावर दाबलेलं नव्हतं. रविवारी सकाळी, घरात धुणं चालू असताना, ताईनं ते दाबलं. कारणाच्या चौकटीत तिनं तीन ओळी लिहिल्या. गर्दीची दुरुस्ती दोनदा झाली आहे. खरा आकडा अठ्ठावन्न आहे. पहिली दुरुस्ती झाल्याचं मला सांगितलं होतं, माझं लक्ष नव्हतं.

पुढची गंमत अशी, की काहीच कोसळलं नाही. जो लेख तपासायला लेख-समितीनं आठ महिने घेतले होते, त्याची दुरुस्त आवृत्ती त्याच समितीनं त्याच दिवशी तीन तासांत मंजूर केली. ताईची दुरुस्ती वगळली आणि जावईबापूची ठेवली, कारण तशी ती आत बसलेलीच होती. सोमवारी सर भरल्या सभागृहात उभे राहिले आणि न अडखळता म्हणाले की काटेकोर आणि स्वतःलाही न सोडणाऱ्या तपासणीनंतर ब्यूटीचा दमसास आम्ही आजवरच्या सर्वांत चोख अचूकतेनं मोजला आहे. टाळ्या बराच वेळ वाजल्या. सातपैकी पाच सिद्धान्तवाल्यांनी गुरुवारपर्यंत आपापल्या समीकरणातला एक खुंटी जराशी पिळून अठ्ठावन्न आणून दाखवला. सातव्यानं कळवलं की हेही त्यानं पूर्वीच सांगितलं होतं, तळटीपेत.

गुरुवारी मुलाखतीच्या खोलीत लांब टेबलामागे पाच जण होते, मधोमध सर. सगळ्यांनी आधी ताईचं कौतुक केलं. असा प्रामाणिकपणा हल्ली दुर्मीळ, विज्ञान अशाच माणसांवर उभं आहे, वगैरे. एकानं तर डोळे पुसल्यासारखं केलं. मग परदेशातून आलेल्या एक बाई, ज्या आतापर्यंत गप्प होत्या, त्यांनी चष्मा वर सरकवला. त्यांच्या आवाजात कुठेही खोच नव्हती, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“तुमची दुरुस्ती काढून टाकली आणि उत्तर बरोबर आलं. मग या लेखात तुमचं असं नेमकं काय उरलं?”

ताई दोन दिवस बऱ्याच प्रश्नांची तयारी करून आली होती. हा त्यांत नव्हता. सर टेबलावरच्या पेनकडे बघत होते. भिंतीत चूक होती, परीक्षा मी लावली, हरकत मी घेतली, असं सगळं तिच्या ओठांवर आलं, पण ते कामात मोडत नाही हे तिलाही ठाऊक होतं. कामाच्या रकान्यात फक्त दुरुस्त्या मांडतात.

“माझं काही उरलं नाही,” ती म्हणाली. “लेख बरोबर आहे, एवढंच.”

बाईंनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. फार प्रामाणिक उत्तर आहे, असं त्या शेजारच्याला हळूच म्हणाल्या, ते ताईला ऐकू आलं.

जागा जावईबापूला मिळाली. त्याची दुरुस्ती इतकी पक्की निघाली होती की तिच्यावर दुसरी चढवायची गरजच राहिली नव्हती; समितीनं हेच शब्द वापरले. तो शुक्रवारी स्वतः ताईच्या खोलीत आला आणि दारातच घुटमळला. तिनंच त्याचं अभिनंदन केलं. त्याचा तिला राग नव्हता, त्यानं सांगितलं होतं, ती ऐकत नव्हती.

सरांनी तिला बोलावून एक पाकीट दिलं. यंत्रापाशी तीन वर्षांच्या कामासाठी शिफारसपत्र होतं, आणि समितीतल्या पाचही जणांनी त्यावर आपणहून सह्या केल्या होत्या. एवढं चांगलं पत्र मी उभ्या आयुष्यात कोणाला दिलेलं नाही, असं सर म्हणाले, आणि ते खरंच होतं. ताईनं ते जिन्यात उभं राहून वाचलं. शेवटून दुसरं वाक्य होतं: ‘आमच्या गटात हिच्याइतकी प्रामाणिक दुसरी व्यक्ती नाही.’ तिनं ते पुन्हा वाचलं. पाच जणांनी सह्या केल्या होत्या आणि एकालाही त्या वाक्यात आपल्याबद्दल काही म्हटलंय हे दिसलं नव्हतं. ती जिन्यातच हसली, आणि हसू थांबलं तेव्हा तिनं पत्र घडी घालून पाकिटात ठेवलं.

घरी लेक गृहपाठ करत बसली होती. ताई तिच्या शेजारी खाली बसली आणि एका दमात सांगून टाकलं, की जागा मिळाली नाही, जूननंतर जावं लागेल, तीन वर्षं. सासूबाई आतून दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

लेकीनं पेन्सिल खाली ठेवली. “तू सांगितलं नसतंस तर कोणाला कळलं असतं का?”

“नाही.”

“मग तू गेली नसतीस.”

“नाही.”

पोरगी वहीकडे बघत राहिली. ती रडली नाही. तीन वर्षांनी आपण चौदाच्या होऊ, हा हिशेब तिनं मनात केला असावा, कारण तिचे ओठ तेवढे हलले.

“मला तुझा राग आलाय,” ती म्हणाली. “आता थोडे दिवस येऊ दे.”

येऊ दे, असं ताई म्हणाली. तिला स्वतःलाही येतच होता.